फार्महाऊसचं गवत

विक्रमसेठचं पुण्य दर सकाळी ट्रॅक्टरवरून गावात यायचं. सावनेर रोडवर त्याचं फार्महाऊस. लग्नांसाठी भाड्यानं द्यायचं म्हणून हिवाळ्यात तिथं विलायती बियाण्याचं हिरवंगार लॉन. मशीननं कापलेलं गवत फेकायचं कुठं? तर गावातल्या गाईंपुढं! आणि वर फोटो. एक हात टोपल्याला, दुसरा केस सावरायला मोकळा. खाली लिहिलेलं, 'गोसेवा'. गावातल्या यमुताईच्या डोळ्यांत तो फोटो खुपायचा.

पण गवत तिनंही घेतलं होतं. फुकटचं हिरवं कोण सोडतं! तिचं घर चंद्री या एकाच गाईच्या दुधावर चालायचं, आणि चंद्री ते गवत चवीनं खायची. पौषात थंडी पडली तशी ती लंगडायला लागली. कानांची टोकं काळी पडून वाळली, शेपटीचा गोंडा गार पडला. कन्हानहून गुरांची डॉक्टर दीप्ती आली. तिनं मागच्या पायाला खुराच्या जरा वर सुई टोचली, पण गाय हललीच नाही; तिथली जाणीवच गेली होती.

"काकू, हे गवत बंद करा," दीप्ती म्हणाली. "याच्या आत बुरशी राह्यते, वरून दिसत नाही. लॉनले कीड लागू नये म्हणून तसलंच बी विकतात. ढोरानं रोज खाल्लं का रक्ताच्या नसा आवळतात. थंडीत तर खुरापर्यंत रक्तच पोचत नाही. कोमट पाण्यानं शेकत राहा. खूर गळाला तर गाय पुन्हा उठणार नाही."

यमुताई तडक फार्महाऊसवर गेली. सेठ झोपाळ्यावर चहा पीत होता. तिनं दीप्तीचं म्हणणं त्याला सांगितलं.

"ते डॉक्टरीण आता मले शिकवन काय? अमेरिकेचं बी हाये, काकू. तुमचाच गोठा घाण असन."

मागं फरशीच्या गोठ्यात त्याची गीर गाय मक्याचा चारा खात उभी होती.

"मंग तुही गाय काहून नाही खात गा हे गवत?"

"तिचं तोंड नाजूक हाये."

नाजूक तोंड म्हणे! यमुताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

गावात कुणी तिचं ऐकेना. शेजारच्या नत्थूची गाय पाय ओढायला लागली, तरी नत्थूचं एकच, "सेठ देवमाणूस हाये, काकू." फुकटच्या टोपल्यानं माणसांची अक्कल अशी गहाण पडते.

संक्रांतीला गावानं देवमाणसाचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार, सगळा थाट. फोटोसाठी गीर गाय झूल घालून मंडपात आणलेली. लोक आपापली टोपली घेऊन आलेले, कारण भाषणानंतर गवत वाटायचं होतं. सेठ माईक धरून गळा काढत होता, "गाय म्हणजे माही माय..."

यमुताईनं ट्रॅक्टरवरचं ओंजळभर गवत उचललं आणि गीर गाईपुढं धरलं. लोकांना वाटलं, म्हातारी पूजा करून राहिली. गाईनं जीभ लांब केली.

"अरे अरे! तिले नको देऊ!" सेठ माईकसकट धावला. "दूध आटते तिचं यानं!"

गाईच्या तोंडातून त्यानं गवत ओढून काढलं. शाल खाली पडली. त्याचं वाक्य मात्र भोंग्यातून अख्ख्या गावानं ऐकलं.

"म्हणजे तुले ठाऊक होतं," यमुताई म्हणाली. "तुही तेवढी माय, अन् आमच्या गाई काय उकिरडे हायेत?"

नत्थू उठला. त्यानं आपलं रिकामं टोपलं सेठच्या पायाशी आपटलं आणि चालू पडला. मग बाकीचेही उठले.

यमुताई थांबली नाही. चुलीवर पाणी ठेवून आली होती. घरी येऊन तिनं कोमट फडकं चंद्रीच्या त्याच खुराच्या वर दाबलं, तशी चंद्रीनं पाय झटकन मागं ओढला.

"दुखते का वं, माये?" यमुताईनं विचारलं, आणि तिथंच बसून आनंदानं रडायला लागली.