पोटावर टाका नव्हता

स्कूटी मी नवीनच शिकलेय, त्यामुळं प्रसेनजितकाकांना ड्रेसिंगला न्यायचं म्हटल्यावर मीच चावी उचलली. काका मागं एका बाजूनं बसले. दाढी वाढलेली, चौकड्याची लुंगी. ऑपरेशनपासून त्यांना पँट सोसत नव्हती. शुगरमुळं पुढची कातडी सुजून चिरायची, लघवी अडायची, म्हणून डॉक्टरांनी ती काढूनच टाकली. सुंताच ती, दवाखान्यात केलेली. पण आईनं लाजेपायी गल्लीभर सांगितलं, अपेंडिक्स होतं.

येताना अणदूरच्या फाट्यावर पोरांनी दगडं मांडून रस्ता अडवलेला. सकाळपासून मोबाईलवर कसलातरी व्हिडिओ फिरत होता. त्यांनी काकांची दाढी बघितली, लुंगी बघितली आणि माझी चावी काढून घेतली. काकांनी नाव सांगितलं. नाव काय कुणीबी सांगतंय, पोरं म्हणाली, लुंगी सोड. काकांनी गाठ दोन्ही हातांनी धरली.

तेवढ्यात गर्दीत मल्लेश दिसला, आमच्या गल्लीतला किराणावाला. मला वाटलं, सुटलो.

"आरं, हे आपलेच हायत," तो म्हणाला. "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. पोट बघा, टाके असतील."

एकानं शर्ट वर ओढला. पोट कोरं. मग लुंगीच फेडली. टाके होते, पण तिथं. मल्लेशचं डोकं फिरलं. गल्लीला फसवून गुपचूप धर्म बदलला म्हणत पहिली काठी त्यानंच घातली.

मी ओरडून ओरडून खरं सांगितलं, शुगर, कातडी, डॉक्टर, सगळं. ते हसले. काकांचे दात रक्तासंगं मातीत पडले. बरगडी मोडली तेव्हा वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. एकानं दगड डोक्यावर उचलला. मी शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे. मी त्याचा घोटा धरून असा ओढला की तो स्वतःच्याच दगडावर आपटला. कुणीतरी माझी वेणी धरून तोंडावर बुक्की मारली. मी त्याच्या मनगटाला चावले आणि रक्ताची चव आली तरी सोडलं नाही.

एसटी येऊन दगडांपाशी थांबली, माणसं खाली उतरली, तेव्हा कुठं ती पोरं पळाली.

दवाखान्यात पोलीस जमादार आले. आईनं पदर तोंडाला लावून सांगितलं, गाडीवरनं पडले, पोरीला नीट चालवता येत नाही.

"मला गाडी येते," मी म्हणाले. फुटलेल्या ओठानं सगळं सांगून टाकलं, अपेंडिक्सचं खोटंसुद्धा. फक्त मल्लेशचं नाव घेताना आईनं माझा हात दाबला, आणि मी अडखळले.

जमादार काकांकडं वळले. "मग आपण मुसलमान नाही, हे तुम्ही नीट पटवून द्यायचं ना त्यांना."

काकांनी सुजलेला डोळा उघडला. "असतो, तर तक्रार लिहिली नसती का तुम्ही?"

जमादारांनी मान खाली घालून पेनाचं टोपण काढलं. मग आईनं पदर तोंडावरनं बाजूला केला.

"मल्लेश," ती म्हणाली. "आमच्याच गल्लीतला. लिहा."