बोटीत राहिलेला डबा

मी डबा बोलतोय. स्टीलचा, चपटा, घट्ट झाकणाचा. नाक मुरडू नका हो! फळीवर आयुष्य काढणाऱ्या माझ्या भावंडांनी जे पाहिलं नाही, ते मी पाहिलंय. बोटीत बसलोय, पोलिसांच्या हाती लागलोय आणि एका भल्या माणसाला खोटं बोलताना ऐकलंय. इतकी वर्षं गप्प होतो. आज मात्र सांगूनच टाकतो.

वेंगुर्ल्याच्या बाजारातून सुमेधाच्या आईनं मला उचललं. लेकीच्या रुखवतात मांडायचा, म्हणून दुकानदारानं माझ्या झाकणावर टोचणीनं टकटक करत नाव घातलं, 'सौ. सुमेधा श्या. आरोलकर'. काय दुखलं म्हणता! पण मांडवात बायका हातात घेऊन ते नाव वाचायच्या, तेव्हा मी असा फुगायचो की विचारू नका. मग पोटात मेतकूट घेऊन गाड्या बदलत बदलत थेट चंदीगडला आलो. सुमेधाचे यजमान श्यामकांत तिथं सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. बिघडलेलं यंत्र उघडायचं आणि दोष शोधायचा, हेच त्यांचं काम आणि हाच त्यांचा छंद. शेजारच्यांची इस्त्रीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटायची नाही.

रविवारी संध्याकाळी तिघं तळ्यावर फिरायला जायची. श्यामकांत, सुमेधा आणि त्यांची नऊ वर्षांची चित्रा. समुद्रकाठचा माणूस, त्याला पाणी दिसलं की बरं वाटायचं. तळ्यावर वल्ह्यांच्या पुष्कळ बोटी होत्या, पण इंजिनाची एकच, लहानशी. कोणी पाण्यात पडलं तर काढायला ठेवलेली. तिची देखभाल नछत्तर सिंग करायचा. शेजारच्या मनीमाजऱ्याचा पन्नाशीतला मिस्त्री, आडव्या अंगाचा, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. त्या दिवशी बोट चालू होईना आणि तो बॅटरीला शिव्या घालत होता. दोन महिन्यांत दुसरी बॅटरी म्हणे!

श्यामकांतना कुठलं राहवतंय! चपला काढून ते बोटीत उतरले आणि म्हणाले, "भाई, बॅटरी ठीक है. रास्ते में कहीं करंट अटक रहा है."

तिथून माझा दुसरा जन्म झाला. घरी येऊन त्यांनी माझ्यातलं उरलंसुरलं मेतकूट वाटीत काढलं आणि मला दोन भोकं पाडली. सुमेधा ओरडली, "अहो, माझ्या आईनं दिलेला डबा तो! दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला?" पण तोवर माझ्या पोटात छोटा दिवा, सेल आणि एक कळ बसली होती. भोकांतून दोन वायरी बाहेर आल्या आणि त्यांच्या टोकांना चिमटे लागले.

माझं काम अगदी सोपं. एक चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावायचा आणि दुसरा वायरीवर पुढं पुढं सरकवायचा. दिवा लागला की वीज इथवर आली. नाही लागला की दोष मागं राहिला. आणि दिवा लागतोय, पण स्टार्टर दाबल्यावर मलूल होतोय, तर कुठंतरी जोड सैल आहे. पुढच्या रविवारी मला तळ्यावर नेलं आणि तसंच निघालं. इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीवर हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरनं चार हात मारले, बोल्ट आवळला आणि बोट गुरगुरली. नछत्तर सिंगनं श्यामकांतना अशी मिठी मारली की यांचा चष्माच वाकडा झाला.

त्यानंतर दर रविवारी दोघांची जोडी. उन्हात माझा दिवा दिसायचा नाही, पाणी असं चकाकायचं. म्हणून श्यामकांतनी माझ्यात बझर बसवला. कळ त्या बाजूला फिरवली आणि वायरीची दोन टोकं चिमट्यांत धरली की मी बोंब ठोकायचो, "अखंड आहे हो, अखंड आहे!" नछत्तर सिंग बंद पडलेल्या बोटीतूनच हाक मारायचा, "ओए शामे, महारानी फिर रूठ गई! डब्बा लाया?" वयानं मोठा, म्हणून आमच्या साहेबांना तो सरळ शामे म्हणायचा. आणि साहेबांना ते आवडायचं. ऑफिसात सगळे आरोलकरजी, घरी बायको अहो. शामे म्हणणारं परक्या मुलखात दुसरं कोण होतं?

पण पंजाबातले ते दिवस फार वाईट होते, अतिरेक्यांचे. सकाळी पेपर उघडावा तो माणसं मारल्याच्या बातम्या. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात दिल्लीकडं ट्रान्झिस्टरमधून बाँब फुटले, तेव्हापासून बेवारशी पिशवी दिसली तरी लोक रस्ता बदलायचे. रस्त्यारस्त्यावर नाके बसले. एकदा असंच तळ्यावरून परतताना शिपायानं श्यामकांतची पिशवी उघडली, मला बाहेर काढलं आणि झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचलं. "सुमेधा कौन? बीवी का डिब्बा उठा लाए जनाब!" मागं उभे असलेले लोक फिदीफिदी हसले. श्यामकांत कानापर्यंत लाल झाले. बायकोचं नाव नाक्यावर कोणीही वाचावं, हे त्यांना सोसवेना. घरी गेल्या गेल्या त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि घासून घासून ते नाव पुसलं.

सुमेधानं माझ्या कोऱ्या झाकणावरून बोट फिरवलं. "नाव घातलेलं भांडं कधी हरवत नाही, असं आई म्हणायची," एवढंच ती म्हणाली.

शहाऐंशीच्या सप्टेंबरातला रविवार. बोटीतलं पाणी उपसायचा पंप बंद होता. नछत्तर सिंग आणि श्यामकांत मागच्या फळीखाली मला ठेवून वायरी तपासत होते. एवढ्यात पोलिसांची जीप आली. भोंग्यावरून सांगितलं, तळ्याचा काठ ताबडतोब रिकामा करा. एकच धावपळ उडाली. श्यामकांतनी चित्राचा हात धरला आणि निघाले. नछत्तर सिंगनं घाईघाईनं बोट बांधली. याला वाटलं त्यानं मला उचललं, त्याला वाटलं यानं. कळ बझरवरच राहिली आणि मी बोटीत.

सकाळी वारा सुटला. बोट हलली आणि माझे दोन चिमटे एकमेकांना टेकले. मग मी काय करणार? मला एकच काम शिकवलेलं. मी कोकलायला लागलो. मला वाटलं, आता श्यामकांत येतील. आली ती झाडूवाली. तिनं फळीखाली वायरी पाहिल्या, माझा आवाज ऐकला आणि झाडू टाकून पळाली. मीच ओरडलो हो! गप्प राहिलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पोलिसांनी मला वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवलं. लांबून दोरी ओढून माझं झाकण उडवलं. आत काय होतं? सेल, दिवा, बझर. पण बझर आणि वायरी पाहून त्यांचा संशय काही जाईना. कोणी बनवलं? कशासाठी बनवलं? बोट कोणाच्या ताब्यात? नछत्तर सिंगला कामावरूनच उचललं. त्यानं खरं तेच सांगितलं. "डब्बा आरोलकर साब दा है. बोट ठीक करण वास्ते. पुच्छ लवो."

आणि खरंच एक अधिकारी विचारायला आला, मला हातात घेऊन. दुपारची वेळ. श्यामकांत जेवायला घरी आलेले, हाताला अजून वरणभात. दार उघडलं आणि मला पाहिलं, तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ये डिब्बा आपका है?"

मी मनातल्या मनात जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, हो म्हणा! अहो, हो म्हणा! माझा बझर बसवलात तुम्ही, माझी भोकं पाडलीत तुम्ही! पण त्यांच्या डोळ्यांपुढं काय काय नाचलं असेल. सरकारी नोकरी, परका मुलूख, कोठडी, बायको, पोर. त्यांचे ओठ हलले.

"नहीं जी. मेरा नहीं है."

मागून चित्रा म्हणाली, "पापा, ये तो हमारा..." आणि सुमेधानं तिच्या तोंडावर हात दाबला. अधिकाऱ्यानं झाकण उलटसुलट करून पाहिलं. झाकण कोरं करकरीत. "सरदार झूठ बोल रहा है," तो शिपायाला म्हणाला आणि मला घेऊन जिना उतरला.

तिथंच सगळं फिरलं. आधी नछत्तर सिंगवर नुसता संशय होता, आता तो खोटारडा ठरला.

पुढं दोन दिवस त्या घरात काय झालं, ते मी नंतर सुमेधाच्या तोंडून ऐकलं. श्यामकांत जेवले नाहीत. चित्रा सारखी एकच विचारत राहिली, "मम्मी, अंकल कब छूटेंगे?" तिसऱ्या दिवशी सुमेधानं साडी बदलली आणि म्हणाली, "चला. माझ्या या हातानं मी पोरीचं तोंड दाबलंय. मला भाकरी थापवत नाही."

दोघं चौकीवर आली. टेबलावर मी होतो. श्यामकांत म्हणाले, "साहब, डिब्बा मेरा है. मैंने झूठ बोला." त्यांनी मला कसं जोडायचं, कशाला वापरायचं, ते सगळं करून दाखवलं. मी आज्ञाधारकपणे वाजलो. पण माणसांनी एकदा खोटं ऐकलं की ती खऱ्यावरही लवकर विश्वास ठेवत नाहीत. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांनी येऊन हमी दिली, कागदपत्रं झाली, आणि नवव्या दिवशी नछत्तर सिंग बाहेर आला. मलाही घरी परत दिलं. उजव्या हाताची दोन बोटं त्याला वळवता येत नव्हती. कशानं, ते त्यानं सांगितलं नाही. विचारायची श्यामकांतची छाती झाली नाही.

माफी मागायला श्यामकांत मनीमाजऱ्याला त्याच्या घरी गेले. मला नव्हतं नेलं. परत आले ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. सुमेधानं विचारलं, "काय म्हणाले? रागावले?"

"रागावला असता तर बरं झालं असतं गं! चहा दिला. म्हणाला, कोई गल नहीं जी, बालबच्चे वाले हो, डर तो लगता है." श्यामकांतनी डोळे पुसले. "मला साबजी म्हणाला. सारखं साबजी, साबजी."

नछत्तर सिंग पुन्हा तळ्यावर गेलाच नाही. एकोणनव्वदमध्ये श्यामकांतची पुण्याला बदली झाली. सामान बांधताना त्यांनी मला स्वच्छ पुसलं, नवे सेल घातले आणि पुन्हा एकदा त्या घरी नेलं. या वेळी मी पिशवीत होतो. सगळं ऐकलं.

"नछत्तर, हा तू ठेव," ते हिंदीत म्हणाले. "डाव्या हातानंही चालतो. गल्लीतली कामं करशील. माझी आठवण."

नछत्तर सिंगनं मला पाहिलं. पूर्वी दिसलो की झडप घालून उचलायचा. आता दोन्ही हात मागं घेतले.

"ना जी, ना. तुहाडे घर ए डब्बा है. मेरे घर पकड़ेया गया तां बम है." खरंच होतं, साहेबांकडं मी डबा, त्याच्याकडं सापडलो तर बाँब. मग हात जोडून म्हणाला, "बुरा ना मनाना, साबजी. इन्नू लै जाओ."

आणि मला घेऊन श्यामकांत जिना उतरले.

आता मी पुण्यात माळ्यावर आहे. सेल फुटून माझ्या पोटात पांढरं कीट साचलंय. श्यामकांत गेले त्याला सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारातही कोणी दार वाजवलं की ते दचकून विचारायचे, "काय विचारतायत ते?" चित्राची मुलं मला भंगारात द्या म्हणतात. द्या. माझं काही म्हणणं नाही.

फक्त एक ऐका. कधी तुमच्या दाराशी कोणी उभं राहील, हातात तुमचीच वस्तू असेल, आणि तुमच्या उत्तरावर कुठंतरी कोठडीत बसलेल्या माणसाचं सगळं अवलंबून असेल. भीती वाटेल. वाटू दे. पण बाबांनो, त्याच क्षणी हो म्हणा. श्यामकांतनीही हो म्हटलं होतं, नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं.