दाराआतली दहा मिनिटं

“काका, आज जरा लवकर बघा. गौरींचे मुखवटे दुपारी द्यायचेत,” फोन कानाला लावूनच आप्पासाहेब ओरडले.

कुलूप काढून गोपाळकाका एकटेच आत गेले. येरवड्यातल्या या कारखान्यात पितळेवर सोन्याचा मुलामा चढतो. मुलाम्याच्या पाण्यात सायनाइड असतं, आणि त्यात आम्ल मिसळलं तर जीव घेणारा वायू सुटतो. त्याचा कडू बदामासारखा वास सगळ्यांना येत नाही. मालक आप्पासाहेबांना येत नाही, मागच्या खोलीत मुलामा चढवणाऱ्या द्वारकाला येत नाही. गोपाळकाकांना यायचा. म्हणून एकतीस वर्षं रोज सकाळी ते आधी आत जात, दोन मिनिटांत दोन्ही खोल्या हुंगत, हात हलवत. मग बाकीचे येत. वायू ओळखणारं यंत्र बाजारात मिळतं, हे आप्पासाहेबांना ठाऊक होतं. पण ‘आपले काका आहेत की!’

या काकांना एप्रिलमधल्या तापानंतर कसलाच वास येत नव्हता. गॅसवरचं दूध करपून कोळसा झालं तरी ते शेजारी पेपर वाचत बसलेले बघून त्यांच्या बायकोला, हेमाकाकूंना घरी कळलं होतं. कारखान्यात सांगायचा धीर होत नव्हता. हात थरथरू लागून मुलाम्याचं काम सुटल्यापासून नाकाशिवाय त्यांच्याकडे होतं काय? मग त्यांनी आपला उपाय काढला. दोनाऐवजी दहा मिनिटं आत थांबायचं, पाच पुढच्या खोलीत, पाच मागच्या. डोकं गरगरलं नाही, तर हात हलवायचा. “काका मंदावले,” म्हणून बाहेर बायका हसायच्या.

“काका, झोपलात की काय? गौरी जेवून परत जातील!” बाहेरून आप्पासाहेबांचा आवाज आला.

काकांनी मागच्या खोलीत नुसतं डोकावलं आणि हात हलवला.

द्वारका मागे गेली. थोड्याच वेळात मुखवटा फरशीवर पडल्याचा आवाज झाला. कॅनमधलं आम्ल रात्रभर गळून मुलाम्याच्या सांडपाण्यात गेलं होतं, आणि ती मोरीपाशी गुडघ्यांवर बसली होती. काकांनी श्वास कोंडला, तिला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं आणि बाकीच्यांना रस्त्यावर पिटाळलं.

“उपाशी असेल हो,” आप्पासाहेब हॉस्पिटलात म्हणाले. “उपास करतात या बायका. चक्कर आलीय.”

“सायनाइड,” काका म्हणाले.

“नक्की? वास आला होता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आप्पासाहेब काकांकडे रोखून बघत होते.

“मला वास येत नाही. एप्रिलपासून. पण आम्ल सांडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. अहो, आधी तिला औषध द्या!”

डॉक्टरीणबाई आत धावल्या.

“वा!” आप्पासाहेब म्हणाले. “म्हणजे चार महिने आम्ही भिंतीला विचारत होतो.”

तिसऱ्या दिवशी द्वारका उठून बसली. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, स्टुलावर बसवेना.

“नाकाचं सांगितलं मले सिस्टरनं,” ती म्हणाली. “मंग रोज आत जाऊन काऊन उभे राहत होते तुमी?”

“मी पडलो, तर तुम्ही आत येणार नाही, म्हणून.”



“आन् त्या दिवशी काऊन नाई थांबले?”

घरी येऊन काका जेवले नाहीत. हेमाकाकूंनी ताट झाकून ठेवलं.

गौरी गेल्या. कारखान्याच्या दोन्ही खोल्यांत यंत्रं लागली, दारावर त्यांचा हिरवा दिवा. काकांना आता बाहेर बसून मुखवटे कागदात गुंडाळायचं काम होतं. तरी सकाळी ते सगळ्यांच्या आधी आत जात. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलंही नाही.

द्वारका कामावर आली त्या सकाळी बायका हिरवा दिवा बघून दाराकडे निघाल्या. ती मात्र उंबऱ्यात आडवा हात धरून उभी राहिली.

“आता काय मुहूर्त बघताय?” आप्पासाहेब ओरडले. “दिवा हिरवा आहे ना?”

“हाये जी,” मोबाइलवरची वेळ बघत द्वारका म्हणाली. “काका आत हायेत. अजून चार मिनिटं हायेत त्यांची.”