लगाम कुणाच्या हातात

पोलीस चौकीच्या आवारात धाकट्या दिराने घोडीच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा अडकवला, हात झटकले आणि वहिनीला भिंतीच्या आडोशाला नेऊन सकाळपासून घोकून घेतलेलं तिच्याकडून पुन्हा एकदा घोकून घेतलं.

"साहेब विचारतील, बग्गी कोण हाकत होतं. तुम्ही म्हणायचं, कुणीच नाही. दादा झोपला होता, लगाम खाली पडला होता, घोडी आपली आपण घरी चालली होती. बस्स. पुढे एक अक्षर नाही."

"आणि मग?"

"मग काय, सुटला!" कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देता देता त्याने इतके वकील पाहिले होते, की घरात त्याला सगळे कायदेपंडितच म्हणायचे, अर्धे कौतुकाने आणि अर्धे वैतागून. "अहो, मोटारीचा कायदा बग्गीला लागत नाही. इंजिनच नाही ना! राहिला घोडागाडीचा जुना कायदा. तो म्हणतो, हाकणारा प्यालेला नसावा. पण हाकणाराच नसेल तर? दादा झाला उतारू. उतारूने प्यावं नाहीतर पोहावं. साप मरतो आणि काठीही मोडत नाही. फक्त चुकूनही तुमचं नाव घेऊ नका. परवाना नसलेल्याच्या हातात लगाम दिला, तरी दादाचा परवान्याचा बिल्ला जातो."

ती घोडीकडे बघत राहिली.

"आणि यात खोटं काय आहे, वहिनी? झालं तेच सांगायचंय."

हीच तर पंचाईत होती. झालं अगदी तेच होतं.

तिचा नवरा तळ्याकाठी हवा खायला येणाऱ्यांना बग्गीतून फिरवायचा. शेवटची फेरी झाली की तो गुत्त्यात बसायचा, मग पुढच्या बाकावर अंग टाकायचा, आणि घोडी त्याला घरी आणायची. घोडीचं नावच मुळी बाईसाहेब. "आमच्या बाईसाहेबांना घर पाठ आहे," असं तो ऐटीत सांगायचा आणि सगळी गल्ली हसायची. तीही हसायची. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून पाय भरून आले, की ती नाक्यावर उभी राहायची आणि बाईसाहेब आल्या की मागच्या सीटवर चढून बसायची.

कालही चढली. पुढे तो घोरत होता. उठवता आलं असतं. पण उठला की आधी शिव्या, मग भूक, मग पुन्हा शिव्या. झोपलेला नवरा गरीब गाईसारखा. असू दे बापडा, म्हणून तिने चपला काढल्या आणि पाय लांब केले. वळणावर एका ट्रकने कर्कश हॉर्न दिला, घोडी बिचकून कडेला सरली, आणि फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या पोस्टमनकाकांच्या पायावरून चाक गेलं. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला. काका रस्त्यात पडल्या पडल्या एकच विचारत होते, "हाकत कोण होतं? अहो, हाकत कोण होतं?" ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला काही सांगता येत नव्हतं. नवरा तेव्हा कुठे डोळे चोळत होता.

रात्रभर तो रडला. भिंतीवर डोकं आपटलं, पुन्हा थेंबाला शिवणार नाही म्हणाला. तिला वाटलं, चला, एका पायावर निभावलं, आता तरी माणूस सुधारेल. पण सकाळी कायदेपंडित आला, त्याने कायदा समजावला, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला,

"म्हणजे दुपारी पोरीला शाळेतून मीच आणतो."

पोरगी रोज बापाशेजारी, पुढच्या बाकावर बसून यायची. आणि पूर्वी फक्त संध्याकाळी येणारा दारूचा वास हल्ली दुपारीही यायला लागला होता. हे तिला ठाऊक होतं, कायदेपंडिताला ठाऊक होतं, बहुतेक पोरीलाही ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"चला, बोलावलंय," हवालदार दारातून ओरडला.

आत फौजदारसाहेब कालच्या तपासणीचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. समोर नवरा, दाढी करून, केस चापून बसवून, शर्टावर पितळी बिल्ला लावून.

"यंत्रात फुंकलंस तेव्हाचा हा आकडा," साहेब म्हणाले. "मोटार चालवत असतास तर आज आत असतास. आणि तुझा भाऊ म्हणतो, हाकत कुणीच नव्हतं. मग मी काय करू? बाईसाहेबांना बेड्या घालू?"

हवालदार खो खो हसला. कायदेपंडित बेताने हसला. नवराही हसला, आणि हसता हसता त्याने भावाकडे पाहून हळूच डोळा मारला.

तो डोळा तिने पाहिला.

"तुम्ही सांगा, ताई," साहेब तिच्याकडे वळले. "गाडीत तुम्ही होतात. लगाम कुणाच्या हातात होता?"

तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

"माझ्या."

"वहिनी!"

"तुम्ही गप्प बसा हो," साहेब कायदेपंडितावर खेकसले. "तुमच्या? तुम्हाला बग्गी हाकता येते?"

"काकांचा पाय मोडला, साहेब. म्हणजे येत नसणार."

आता कुणी हसलं नाही.

"परवाना आहे?"

"नाही."

"ताई, समजून बोला. परवाना नसताना हाकली ही एक केस, माणसाचा पाय मोडला ही दुसरी. दोन्ही तुमच्यावर. कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील."

"झिजवीन."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "काय रे? खरं आहे का हे? हो म्हणालास तर बिल्ला काढून ठेव. नाही म्हणायचं असेल तर लगाम कुणाच्या हातात होता ते सांग. आणि घोडीची गोष्ट मला पुन्हा सांगू नकोस, तुझी बायको शुद्धीवर होती."

नवऱ्याने तोंड उघडलं. कायदेपंडिताने त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. नवऱ्याने तोंड मिटलं, बिल्ल्याची पिन काढायला बोटं नेली, आणि ती काही केल्या निघेना. शेवटी हवालदाराने काढून दिली.

"गाडीवर आज कुणी बसायचं नाही," साहेब म्हणाले. "घोडी हाताने धरून घरी न्या."

बाहेर येताच कायदेपंडिताने कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण! वहिनी, अहो, सुटला होता तो!"

"हो ना, भावजी. म्हणूनच."

तो पाय आपटत निघून गेला. नवरा बग्गीच्या चाकाशी उभा राहिला. शर्टावर बिल्ल्याच्या जागी दोन भोकं दिसत होती.

"खोटं बोललीस तू," तो म्हणाला. रागावण्याइतकंही बळ त्याच्या आवाजात नव्हतं.

"बोलले."

"लगाम कुणाच्याच हातात नव्हता."

"तेच सांगितलं असतं, तर आज दुपारीही कुणाच्याच हातात नसता." तिने तोबरा सोडवला. "त्या गाडीत जागी मी एकटी होते. उठवलं असतं तुम्हाला तर काका आज चालत असते. माझीही काही चूक आहेच. ती मी भरीन. पण पोरीला तुमच्या शेजारी बसू देणार नाही."

तिने घोडीच्या तोंडाजवळ लगाम धरला. इतकी वर्षं घरात घोडी होती, पण तिने तो कधी धरला नव्हता. पट्टा ओला आणि गरम होता. बाईसाहेबांनी मान हलवली, घराची दिशा ओळखली आणि चालायला लागल्या, तिच्याकडे न बघता, तिला ओढत, थेट फाटकाकडे. फाटकाबाहेर गाड्यांची रहदारी सुरू होती. ती फरफटत गेली, चप्पल निसटली.

"अहो! थांबवायचं कसं हिला, तेवढं सांगा!"

तो धावला. हात लगामापर्यंत गेला, आणि तिथेच अडला. मग त्याने हात मागे घेतला.

"ओढू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "तिच्यासोबत चालू नकोस. तू आधी थांब. तू थांबलीस की ती थांबते."

ती पाय रोवून थांबली. घोडी आणखी दोन पावलं पुढे गेली आणि उभी राहिली.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो तिची निसटलेली चप्पल हातात घेऊन खाली बघत उभा होता.