पडदा हरवला आहे

आमच्या दहावीच्या निरोप समारंभाला यंदा चाळीस वर्षं झाली. तो अजून संपलेला नाही.

मधे लग्नासाठी मला अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली होती. विनोदी लेखांची माझी सहाही पुस्तकं याच बाकावर लिहून झाली. मी ऑफिसात असतो अशी बायकोची समजूत होती. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा तिने विचारलं, आता रोज कुठे जाता? शाळेत, मी म्हटलं. मग डबा घेऊन जा, ती म्हणाली.

अडलंय ते फिशपाँडपाशी. निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, सरांनी एकेक काढून वाचायची आणि सगळ्यांनी हसायचं, ही पद्धत सगळीकडेच आहे. आमच्या हायस्कुलात वर एक कलम होतं. ज्याच्यावर चिठ्ठी पडेल त्याने ती लिहिणारा ओळखून दाखवायचा. तो सापडेपर्यंत कार्यक्रम पुढे सरकत नाही.

उपळेकर सरांनी चिठ्ठी काढून वाचली, "सूचना. स्टेजचा जुना पडदा हरवला आहे. कोणाच्या अंगावर आढळल्यास कार्यालयात कळवावे."

सगळ्यांनी शेवंता खराडेकडे बघितलं. बाकीच्या मुली आयांच्या साड्या नेसून आल्या होत्या. शेवंताच्या अंगावर मरून रंगाचा नवा ड्रेस होता. कापड जाड होतं आणि कडेला पितळी कड्यांची भोकं बुजवलेली दिसत होती. हॉल हसला. सगळ्यात जास्त मी हसलो, कारण चिठ्ठी माझी होती.

शेवंताचे वडील, ज्ञानूमामा, शाळेचे शिपाई. ते दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. जीर्ण झाला म्हणून तो पडदा हेडसरांनी स्वतः त्यांना दिला होता. पण शंभर माणसं हसत असताना असली गोष्ट आठवणं हेडसरांना जड गेलं. त्यांनी मामांकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि उपळेकर सरांकडे दिल्या.

"लिहिणारा सापडला की बघू," हेडसर म्हणाले. मामा "बरं" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

तेव्हापासून शेवंता ओळखते आहे. वर्षाला एक नाव, हजेरीपटाच्या क्रमाने.

"आवटी, तू लिहिलीस?"

"आईशप्पथ नाही," अंकुश आवटी म्हणाला. सरांनी त्याला शाळा सोडल्याचा दाखला दिला. तो आपला बाक डोक्यावर घेऊन बाहेर पडला आणि पुढे बँकेत मॅनेजर झाला. जो सुटतो तो बाक नेतो, आणि बाकाएवढी भिंत आत सरकते. शेवंताचा ड्रेस मात्र वाढतो. पाचव्या वर्षी तो फरशीला लागला. विसाव्या वर्षी बाकांखालून पसरत माझ्या चपलांपर्यंत आला. मी पाय वर घेऊन बसायला शिकलो.

माझा नंबर सतरा. सतरावं वर्ष आलं तेव्हा मी शर्टाचं वरचं बटण लावून तयार होतो.

"देशिंगकर नाही, सर," शेवंता म्हणाली. "माझ्या निबंधाला छान म्हणणारा तो एकटाच होता. अठरा नंबर घ्या."

निबंध मी वाचलेला नव्हता.

यंदा चाळिसावा गेला. उरलो मी, शेवंता, उपळेकर सर आणि दारातले मामा. हॉल आता एका बाकाचा आहे. सरांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागतात. मरून कापड कमरेपर्यंत आलं आहे, बसायला मऊ आहे, तक्रार नाही.

"बोल खराडे," सर म्हणाले. "आणखी कोण राहिलंय?"

शेवंताने केस मागे सारले. ते सगळे पिकले आहेत. "कोणी नाही, सर."

मी उभा राहिलो. उभं राहण्यापुरती जागा होती.

"मी लिहिली," मी म्हटलं. "अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने. गणिताच्या वहीचं शेवटचं पान फाडून."

सर हसू लागले. डोळे पुसत म्हणाले, "याचा लेख वाचला की आमची मंडळी पण अशीच हसते."

"सर, मी खरं सांगतोय."

"हेच! चेहरा कसा ठेवलाय बघ."

शेवंताही हसत होती. माझ्या खांद्यावर चापट मारून म्हणाली, "बस रे देशिंगकर. माझ्यासाठी अंगावर घ्यायला निघालास होय? वेडाच आहेस." मी बसलो. इतक्या सहज बसलो की पुन्हा उभं राहायला हवं होतं हे मला बसल्यावर कळलं.

शेवंताने दाराकडे बघितलं. मामा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते.

"बाबांचे पाय दुखतात, सर," ती म्हणाली. "चिठ्ठी मीच लिहिली. टाका लिहून."

"नक्की?"

"दुसरं कोण राहिलंय?"

सरांनी तिचं नाव लिहिलं. खिशातला जुडगा काढून मामांना दिला. मामांनी किल्ल्या एकेक करून तपासल्या आणि उंबऱ्यावर हळूच बसले. मग सरांनी मला दाखला दिला आणि तिला कागदाचा गठ्ठा.

"तेच वाक्य शंभर वेळा," ते म्हणाले. "आणि चिठ्ठीतल्यासारखंच अक्षर यायला हवं. नाहीतर लोक म्हणतील, भलत्यालाच शिक्षा केली."

शेवंताने पेन डाव्या हातात घेतलं. तिला ते जमेना. 'सूचना' लिहितानाच कागद सरकला.

"देशिंगकर, जरा धर ना," ती म्हणाली.

मी दाखला काखेत धरला, दोन्ही हातांनी कागदाची टोकं दाबली, आणि अक्षर हळूहळू माझ्यासारखं येऊ लागलं.