पेजेचा पाणी

"रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही," हे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सांगता सांगता सारिका मेट्रनचे केस पिकले होते. कणकवलीच्या त्या छोट्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे. त्यामुळे सकाळचं ऑपरेशन हमखास दुपारवर जायचं आणि पेशंट कोरड्या जिभेने छताकडे बघत पडून राहायचे.

वॉर्डातल्या अक्षया सिस्टरला याचा भारी वैताग यायचा. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी फुफ्फुसात जाते, हे खरंच. पण साधं पाणी पोटात रेंगाळत नाही, भुलीच्या दोन तास आधीपर्यंत ते चालतं, हे अभ्यासांनी केव्हाच सिद्ध झालेलं. तिने ते मेट्रनना चारदा समजावलं होतं.

"तुझं पुस्तक बरोबर असेल," मेट्रन म्हणायच्या, "पण पुस्तक राउंडला येत नाही."

त्या दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बाबली आला होता. काजूची बाग सांभाळणारा, उन्हाने रापलेला गडी, पण सकाळीच काकुळतीला आलेला. "सिस्टर, घसो सुकलो गो. घोटभर तरी दी."

अक्षयाने सरळ भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसून म्हणाले, "द्या की पाणी. मी कधी नको म्हटलं? मला कोणी विचारलंच नाही!"

इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. कपाळावर हात मारायचा बाकी ठेवून अक्षया बाबलीच्या बायकोकडे, तुळसाकडे गेली. "काकी, काकांका पाणी चलात. थोडा थोडा पाजा. मी सांगान तेव्हा बंद करा."

एवढं सांगून ती दुसऱ्या खाटेवरची सलाईन बघायला गेली.

आणि नेमके त्याच दिवशी डॉक्टर वेळेवर आले. त्यांनी बाबलीला विचारलं, "शेवटचं काय घेतलंत?"

उत्तर तुळसाने दिलं. "पाणीच दिलंय. पेजेचा पाणी."

"पेज?" अक्षया खाटेपाशी धावली. "काकी, शितां होती त्यात?"

"थोडी घातलंय. नायतर माणूस उभो कसो रवतलो? तूच सांगलंस ना गो, पाणी चलात म्हणान!"

डॉक्टरांनी ऑपरेशन उद्यावर ढकललं. बाबली भिंतीकडे तोंड करून झोपला. "म्हणून सगळ्यांना एकच सांगायचं असतं. काही नाही म्हणजे काही नाही," एवढंच मेट्रन म्हणाल्या.

अक्षया भांड्यांच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. तुळसाचा राग आला, मेट्रनचा आला, फोनवर हसणाऱ्या डॉक्टरांचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तीही इथलीच. सकाळी पेज पिऊनच लहानाची मोठी झालेली. इथे पेज खात नाहीत, पितात, हे तिच्या कसं ध्यानात आलं नाही? अभ्यासात पाणी म्हणजे पाणी असतं. तुळसाच्या घरी तसं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिने कोणावर भरवसा ठेवला नाही. फुलपात्र घेऊन स्वतः बाबलीपाशी बसली. त्याला पाणी पाजलं, कोरा चहा पाजला आणि वेळ झाल्यावर फुलपात्र उचलून नेलं. ऑपरेशन बिनबोभाट झालं. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "मेट्रन, हे सगळ्यांनाच सुरू करा."

"करू," मेट्रन म्हणाल्या आणि अक्षयाकडे वळल्या. "पण नातेवाइकांच्या हाती नाही द्यायचं. पाणी तुझं, तेव्हा तूच पाज."

म्हणजे जिंकून काय मिळालं, तर आणखी एक काम. ऑपरेशनच्या दिवशी आता अक्षया आधीच मेटाकुटीला आलेली असते, त्यात प्रत्येक खाटेशी थांबून तीच पोपटपंची करते, "पाणी म्हणजे नळाचा साधा पाणी. पेज नाय, दूध नाय, रस नाय."

परवा शिरोड्याच्या एका म्हाताऱ्या बाईने हे सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे सोलकढी?"

"नाय आजये," अक्षया दात आवळून म्हणाली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.