पळसदरीला अडलेली मोटार

मधूने मोटार घेतली त्या दिवशी अप्पा धड जेवले नाहीत. ताकभात चिवडून उठले आणि ओटीवर जाऊन बसले. त्यांच्या मते मोटार म्हणजे डॉक्टरांनी नाहीतर सिनेमावाल्यांनी बाळगायची गोष्ट.

मधू माझा धाकटा भाऊ. कर्जतला स्टेशनाजवळ त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि ते बरं चालायला लागलं होतं. खंडाळ्याच्या एका पारशी गृहस्थाने म्हातारपणी विकायला काढलेली काळी मोटार त्याने उचलली. साल सहासष्टचं असेल. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. मी गावातल्याच शाळेत शिकवत होते.

घरात आम्ही चौघं. अप्पा, मधू, मी आणि प्रमोदिनीआत्या. आत्या ही अप्पांची धाकटी बहीण. तिचे यजमान खोपोलीला इंजिनिअर होते. बिऱ्हाड खालापूरला होतं. ते विषमज्वराने गेले तेव्हा मी फार लहान होते. अप्पा खालापूरला जाऊन पोचले, तिथलं सगळं आवरलं, काय विकायचं ते विकलं आणि बहिणीला घरी घेऊन आले. पुढे आमची आई गेली आणि आम्हाला आत्यानेच वाढवलं. यजमानांविषयी ती कधी अवाक्षर काढत नसे. कुणी विषय काढलाच, तर दूध उतू जातंय म्हणून उठून आत जायची. दूध नसलं तरी.

दिवाळी सरल्यावरच्या एका रविवारी मधू म्हणाला, "चला, पळसदरीच्या धरणावर जाऊ. जेवण तिकडेच करू."

"मला नको तुझी मोटार," अप्पा म्हणाले. "तुम्ही जा."

आत्याने वालाचं बिरडं आणि पोळ्या बांधून घेतल्या. आम्ही तिघं निघालो. आत्या मागच्या बाजूला बसली होती, काचेला डोकं टेकून. गाडी वळणावर आली की तिचा उजवा पाय आपोआप पुढे सरकायचा. मला वाटलं, घाबरतेय बिचारी.

धरणावर दुपार छान गेली. पाण्यावरून वारा येत होता, खालच्या खाचरांत भाताची झोडणी चालली होती. उन्हं कलली तशी आम्ही सतरंजी गुंडाळायला घेतली. मधू गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. पुढे काहीच नाही.

"बॅटरी असेल," म्हणत मधूने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांना पांढरी बुरशी धरली होती. ती त्याने चाकूने खरवडली, तारा आवळल्या, हात पुसत परत येऊन बसला. टक्. मग डिकीतून इंजिन हाताने फिरवायचं हँडल काढलं. पुढून घालून जोर लावला, पण ते तसूभर हलेना. दात-ओठ खाऊन त्याने अंगाचा सगळा भार टाकला, तशी पकड सुटली आणि उजवं मनगट बंपरवर सणकून आपटलं. तो तिथेच खाली बसला. बघता बघता मनगट टम्म सुजलं.

"हाड मोडलं नाही ना रे?" मी त्याच्या शेजारी बसले.

"हाड राहू दे गं. इंजिनच जाम झालंय बहुतेक. संपली गाडी." त्याचा चेहरा पार उतरला होता. दुखण्यापेक्षा घरी अप्पा काय म्हणतील, याचंच त्याला जास्त लागलं असावं.

आमची धडपड बघून खाचरातून एक शेतकरी आला. कान्हा त्याचं नाव. मागोमाग त्याची बायको जनी, डोक्याला फडकं बांधलेलं, केसांत भाताची कुसळं.

"ढकलून बगू का, दादा?" कान्हा म्हणाला आणि त्याने झोडणीवरच्या गड्यांना हाक मारली. मधूने डाव्या हाताने गियर टाकला. सगळ्यांनी मागून रेटा दिला. गाडी पुढे जाण्याऐवजी चाकं मातीत घासत राहिली.

"ही तं म्हशीवानी बसली गं बाय," जनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हालतच नाय."

एवढा वेळ आत्या सतरंजीपाशी डबे भरत होती. ती उठून आली, खिडकीपाशी वाकली.

"मधू, दिवे लाव बघू."

"दिवे? अगं, उजेड आहे की."

"लाव तर."

त्याने लावले. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. दिवे चांगले लख्ख होते.

"आता दिवे चालू ठेवून किल्ली फिरव."

टक् झालं आणि दिवे मंदावले. किल्ली सोडताच पुन्हा लख्ख झाले. आत्याने मान हलवली.

"बॅटरीत जीव आहे. ती मेलेली असती तर दिवे पार विझले असते. स्टार्टरचं छोटं दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या चाकात रुतून बसलंय. म्हणून हँडल फिरत नाही, आणि गियर टाकून ढकललं की गाडीही पुढे जात नाही. इंजिनला काही झालेलं नाही रे."

मधू तिच्याकडे बघतच राहिला. "तुला हे कुणी सांगितलं?"

"आमची पण अशीच अडायची," आत्या म्हणाली.

'आमची' हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"किल्ली काढून घे. टॉप गियर टाक. आणि भाऊ," ती कान्हाकडे वळली, "आता नुसतं पुढे ढकलू नका. आधी मागे हिसका द्या, मग पुढे, परत मागे. झुलवा तिला."

"पाळन्यावानी?"

"अगदी तसंच."

कान्हाने आणि गड्यांनी गाडीला हात घातले. जनीनेही पदर खोचला. एकदा मागे, एकदा पुढे. पुन्हा मागे, आणि आतून कुठूनतरी 'खट्' असा आवाज आला. गाडी एकदम हलकी झाल्यासारखी झुलली.

"सुटलं," आत्या म्हणाली. "गियर काढ. फिरव किल्ली."

इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. जनीने टाळी वाजवली. मधूने मात्र स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला आणि कळवळून काढून घेतला. त्याला मूठच मिटवता येत नव्हती, आणि मला तर सायकलसुद्धा येत नव्हती.

"रातच्याला आमच्याकडं ऱ्हावा," कान्हा म्हणाला. "सकाळी गावातनं ड्रायवर आनू."

"नको," आत्या म्हणाली. "मधू, तिकडे सरक."

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि बसली. दोन्ही हात चाकावर ठेवून क्षणभर डोळे मिटले. मग गाडी चालू लागली. पहिल्यांदा एक गचका बसला, पुढे नाही. जनी बरीच लांब आमच्या मागे चालत आली, हसत, हात हलवत.

रस्त्याला लागल्यावर आत्याने गाडी थांबवली. कर्जत एका हाताला होतं, खोपोली दुसऱ्या हाताला.

"खालापूरपर्यंत जाऊन येऊ या का रे?" तिने विचारलं. लहान मुलगी विचारते तसं.

मधू म्हणाला, "चल की."

खालापूरला ती एका कौलारू घरासमोर थांबली. घरात दुसरंच कुणीतरी राहत होतं. ती उतरली नाही, काच खाली करून बघत राहिली. शेजारच्या खळ्यात एक पोक्त बाई भात गोळा करत होती. मोटार बघून ती जवळ आली, आत डोकावली आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"परमोदिनीबाय? तुमी हाय व्हय!"

"सोनुबाई," आत्या म्हणाली.

सोनुबाई आम्हाला सांगू लागली. "मी नवी नवरी व्हते तवा. ह्यांचं सायेब रोज सकाळी बाजूला बसायचं, आन् ही बाय गाडी हाकायची. आमी समद्या बाया कुडाआडनं बगायचो. सायेब म्हनायचं, माज्यापरीस हिलाच बरं जमतं. गं बाय, केस पिकलं तुमचं!"

आत्या हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. सोनुबाई खिडकीतून हात घालून तिच्या पाठीवरून फिरवत राहिली.

परतीच्या वाटेवर आत्या बोलत होती. इतक्या वर्षांचं साठलेलं. तिचे यजमान गाडीखाली आडवे पडून तिला एकेक भाग हाताला धरून दाखवायचे. पावसाळ्यात ओढा चढला की दोघं गाडीतच बसून शेंगा खायचे. त्यांना गळा अजिबात नव्हता, पण गायची हौस दांडगी. मी मागे बसून ऐकत होते. मला आठवतं, बाहेर पेंढ्याचा वास होता आणि डोंगर निळे होत चालले होते. तो रस्ता संपू नये असं वाटत होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पा ओटीवर येरझारा घालत होते. मोटार अंगणात वळली आणि चाकामागे कोण बसलंय ते त्यांना दिसलं. ते जागच्या जागी थांबले. आत्यानेही गाडी थांबवली.

अप्पा पायऱ्या उतरून खाली आले. बहिणीकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "डावीकडे घे. तुळशीला लागेल."

तिने गाडी मागे घेतली. ते हाताने खुणा करत राहिले, "ये, ये, अजून ये, बस."

रात्री सगळे जेवायला बसलो. आत्याने वाढलं, अप्पांनी पोटभर भात खाल्ला.

पुढे बऱ्याच दिवसांनी अप्पांनी सकाळीच कोट चढवला. "प्रमू, मला कळंबला जायचंय," ते म्हणाले. "मधूच्या हाताला सूज आहे ना अजून?"

मधूचा हात केव्हाच बरा झाला होता. त्याने तो पटकन पाठीमागे घेतला. "आहे ना. खूप आहे."

अप्पा पुढे बसले, मांडीवर छत्री घेऊन, दार दोन्ही हातांनी घट्ट धरून. दोघं संध्याकाळी परत आले. आत्या सरळ स्वयंपाकघरात गेली. मी चहाचं आधण ठेवत होते.

"फाटक बंद होतं गं," ती म्हणाली. "मालगाडी जाईपर्यंत थांबलो होतो. तुझे अप्पा आज यांच्याबद्दल बोलले. आपणहून. किती हुशार होते म्हणाले."

तिने माझ्या हातातून गाळणं घेतलं आणि चहा तीच गाळू लागली.